‘एपी’तला ४ आणि आपले ऐंशी टक्के

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीतल्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा अकरावी संपवून बारावीत चाललाय. मे महिन्यात त्याने एपी कॅल्क्युलस बीसीची परीक्षा दिली (एपी म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा; कॅल्क्युलसमध्ये एबी हा पायाचा भाग, बीसीत तो सगळा आणि त्यापुढचाही), जुलैत निकाल आला: ४. त्याखाली आणखी एक ओळ, ‘एबी सबस्कोअर ५’. वर्षभर शाळेत ‘ए’ ग्रेड, शिवाय शनिवारची शिकवणी. वडील म्हणतात, “पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के. मला बारावीला गणितात अठ्ठ्याण्णव होते. तपासणीत घोळ आहे, रिचेकिंगला टाकू.” मुलगा म्हणतो, “माझी सगळी उत्तरं मित्रांशी जुळली होती,” आणि त्यापुढे बोलत नाही. रात्रीचं ताट खोलीत घेऊन जातो. ऑगस्टपासून कॉलेजच्या अर्जांची धावपळ सुरू होईल. आईला विचारायचंय: तक्रार करावी का, पुढच्या मेमध्ये त्याला पुन्हा बसवावं का, हा ४ अर्जात दाखवावा की नाही, आणि नववी झालेल्या धाकट्या लेकीला बीसीच्या वाटेला लावावं का? पत्राची शेवटची ओळ आहे, “आम्ही कुठे कमी पडलो?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात जवळपास अशीच आणखी दोन पत्रं आली. एक कॅलिफोर्नियातून, एक टेक्सासमधून. तिन्ही पत्रांत एकच वाक्य होतं: पाचपैकी चार म्हणजे ऐंशी टक्के. म्हणून हे उत्तर तुम्हाला लिहिते आहे, पण त्या दोघींनीही ते आपलंच समजावं.

मी आधी महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं, बारावीच्या बोर्डाचे पेपर तपासले. इथे अमेरिकेत आल्यावर कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) शिकवलं आणि काही वर्षं जून महिन्यात एपी कॅल्क्युलसचे पेपर तपासायलाही गेले. दोन्हीकडची तपासणी हाताखालून गेली आहे, म्हणून तुमच्या घरात नेमकं कशावरून बिनसलंय ते मला दिसतंय. तुम्ही दोघं बोर्डाच्या डोळ्यांनी एपीचा निकाल वाचताय. त्यात तुमची काही चूक नाही. आपल्याकडे आकडा दिसला की खाली ‘पैकी’ असतंच.

इथे ते नाही. १ ते ५ या पायऱ्या आहेत. ५ म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षीचा हा विषय या मुलाला उत्तम येतो, ४ म्हणजे चांगला येतो, ३ म्हणजे पुरेसा येतो, २ म्हणजे कदाचित, आणि १ म्हणजे आम्ही शिफारस करत नाही. सतरा वर्षांचं मूल कॉलेजच्या विषयासाठी कितपत तयार आहे, एवढंच ते सांगतं. त्या आकड्याची टक्केवारी निघत नाही. काढलीच तर चुकीची निघते.

आता तो आकडा कसा बनतो ते सांगते, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत. पेपरचे दोन भाग असतात, आणि दोघांना निम्मं-निम्मं वजन. पहिल्यात ४५ बहुपर्यायी प्रश्न, १०५ मिनिटांत. त्यातले ३० कॅल्क्युलेटरशिवाय, १५ कॅल्क्युलेटरसह. दुसऱ्यात सहा मोठे प्रश्न, ९० मिनिटांत. त्यातले पहिले दोन कॅल्क्युलेटरसह, उरलेले चार त्याशिवाय. प्रत्येक मोठ्या प्रश्नाला ९ गुण, म्हणजे एकूण ५४. बहुपर्यायी ४५ आहेत, म्हणून त्यातल्या बरोबर उत्तरांना १.२ ने गुणतात आणि तिकडेही ५४ होतात. बेरीज १०८. हा १०८ मधला आकडा मुलाला कधीच कळवत नाहीत. त्याच्यावर पायऱ्यांच्या रेषा आखतात आणि फक्त पायरी कळवतात.

त्या रेषा कुठे असतात? जुने जे पेपर तक्त्यांसकट जाहीर झाले आहेत, त्यात १०८ पैकी साधारण दोन-तृतीयांशाच्या आसपास गुण पडले की ५ मिळतो असं दिसतं. रेषा दरवर्षी थोडी सरकते. पेपर अवघड निघाला तर खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. म्हणजे यंदाच्या ५ ची आणि गेल्या वर्षीच्या ५ ची किंमत सारखी राहते. ५ किती जणांना द्यायचे याचा कोटाही ठरलेला नसतो. अलीकडच्या वर्षांत बीसीला बसलेल्यांपैकी दहात चार-पाच जणांना ५ मिळतो. एबीला तेच प्रमाण साधारण पाचात एक. बीसीला मुळातच गणितात मुरलेली मुलं बसतात, म्हणून हा फरक.

तुमच्या यजमानांना हा हिशेब जरूर दाखवा. बोर्डात सत्तर टक्के मिळाले तर घरात सुतक असतं. इथे तेवढ्याच गुणांवर ५ मिळू शकतो, कारण पेपरच असा असतो की जवळजवळ कुणालाच सगळे गुण पडत नाहीत. अठ्ठ्याण्णवची फुटपट्टी या पेपरला लावताच येत नाही.

आता रिचेकिंगबद्दल. आपल्याकडे गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनही मागता येतं. त्यामुळे यजमानांच्या मनात तोच विचार आधी यावा हे साहजिक आहे. एपीत हाताने सोडवलेल्या सहा प्रश्नांची फेरतपासणी करून गुण वाढवून मिळत नाहीत. ते दार बंदच आहे. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते तपासणी कशी होते हे. मी गेले तेव्हा ती कॅन्सस सिटीच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये असायची. प्रचंड मोठं दालन, ओळीने टेबलं, प्रत्येक टेबलावर शाळांत आणि कॉलेजांत कॅल्क्युलस शिकवणारी माणसं, आणि समोर उत्तरपुस्तिकांचे गठ्ठे. सकाळी आठला बसायचं, संध्याकाळी पाचला उठायचं, असं आठवडाभर. एबी आणि बीसी मिळून देशभरातून चार लाखांहून जास्त मुलं बसतात, प्रत्येकाचे सहा प्रश्न. करा गुणाकार.

पहिले काही तास कुणी खरा पेपर तपासतच नाही. एकच प्रश्न घेऊन त्याच्या गुणदान-पत्रकाची उजळणी चालते. नमुन्याची उत्तरं सगळ्यांना देतात, प्रत्येकजण गुण लिहितो, मग वाद होतात. “इथे तिसरा गुण द्यायचा की नाही?” यावर तीस-चाळीस वर्षं शिकवलेली माणसं अर्धा तास हुज्जत घालतात, आणि सगळ्यांचे गुण जुळायला लागले की मगच गठ्ठे उघडतात. मुलाचं नाव दिसत नाही, शाळा दिसत नाही. एका मुलाचे सहा प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडे जातात. टेबलप्रमुख मधूनमधून तपासलेलं पुन्हा पाहतो. माणसं आहेत, चुका होत नसतील असं मी म्हणणार नाही. पण एका मुलाचा ५ चा ४ व्हावा इतका घोळ त्या पद्धतीत सहजी होत नाही. आणि ताई, तुमच्या पत्रातच याचा पुरावा आहे. त्याला एबी सबस्कोअर ५ आहे. बीसीच्या पेपरात एबीच्या अभ्यासक्रमावरचे जे प्रश्न असतात, पेपरचा साधारण साठ टक्के भाग, त्यावरून तो वेगळा काढतात. त्याच पेपरला, त्याच तपासणीतून, लिमिट, डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर), इंटिग्रेशनच्या पायावर तुमच्या मुलाला सर्वांत वरची पायरी मिळाली आहे. ही ओळ तुमच्या घरात कुणी नीट वाचलीच नाही असं वाटतं. मला वाटतं, तीच सगळ्यात आधी वाचायला हवी होती.

मग गुण गेले कुठे? दोन जागा दिसतात. एक बीसीच्या खास भागात: सिरीज, पॅरामेट्रिक, पोलर. बीसीचा सहावा प्रश्न बहुतेक वेळा सिरीजचा असतो. पेपरात तो सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याच वर्गांत शिकवायलाही शेवटी. एप्रिल उजाडतो, परीक्षा तीन आठवड्यांवर येते आणि टेलर सिरीज घाईघाईने उरकली जाते. शाळेत ती कधी झाली, हे त्याला एकदा शांतपणे विचारा.

दुसरी जागा त्याच्याच वाक्यात आहे. “उत्तरं मित्रांशी जुळली होती.” बहुपर्यायी भागात उत्तर जुळलं की गुण मिळाला. सहा मोठ्या प्रश्नांत तसं नाही. तिथे नुसत्या उत्तराला नऊपैकी थोडेच गुण असतात. बाकीचे मांडणीला, कारणाला, एककाला.

एक लहानसं उदाहरण मीच बनवते. कपातल्या चहाचं तापमान ४ मिनिटांनी ७८ अंश आहे आणि ९ मिनिटांनी ६३ अंश. सातव्या मिनिटाच्या आसपास ते कोणत्या दराने बदलतंय याचा अंदाज करा, आणि एकक लिहा. हुशार मूल मनातल्या मनात करतं आणि लिहितं: −३. बरोबर आहे. पण नुसत्या −३ ला गुण नाही. (६३ − ७८) ÷ (९ − ४) ही वजाबाकी आणि भागाकार कागदावर दिसला पाहिजे, तेव्हा एक गुण. ‘अंश सेल्सिअस प्रति मिनिट’ लिहिलं की दुसरा. आणि गंमत पाहा, ज्या मुलाने ती मांडणी करून शेवटची आकडेमोड केलीच नाही, अपूर्णांक तसाच सोडला, त्यालाही पहिला गुण मिळतो. उत्तर सोपं रूप देऊन लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही. आपल्या पोरांना घाईत आकडेमोड करायची सवय, आणि इथे गुण असतात आकडेमोडीच्या आधीच्या ओळीला.

मला त्या दालनात सगळ्यात जास्त हळहळ वाटायची ती ‘इट’ या शब्दाने. “इट इज डिक्रीजिंग बिकॉज इट इज निगेटिव्ह.” ते कमी होतंय कारण ते ऋण आहे. ते म्हणजे कोण? फंक्शन कमी होतंय कारण त्याचं डेरिव्हेटिव्ह ऋण आहे, असं मुलाच्या मनात असतं. शंभर टक्के असतं. पण तपासणाऱ्याला मनातलं वाचायची मुभा नाही. दोन ‘इट’पैकी कोणतं कुणाचं हे त्याने आपल्या पदरचं घालायचं नसतं. गुण जातो. मी असे गुण कापले आहेत आणि कापताना वाईट वाटलं आहे.

असंच कमाल किंमत काढताना. टाकीत पाणी कधी सर्वांत जास्त होतं, असा प्रश्न. मूल डेरिव्हेटिव्ह शून्य करतं, दोन वेळा मिळतात, त्यातली एक निवडतं आणि लिहितं, इथे डेरिव्हेटिव्ह धनाचं ऋण होतं म्हणून कमाल. पण ती झाली आसपासच्या भागातली कमाल. संपूर्ण कालावधीत सर्वांत जास्त पाणी इथेच आहे हे सांगायला सुरुवातीची आणि शेवटची किंमतही ताडून पाहावी लागते. नुसता अधिक-उण्याचा तक्ता काढून सोडला तर तेही कारण म्हणून धरत नाहीत, तो तक्ता काय सांगतो हे वाक्यात लिहावं लागतं. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये व्हेरिएबल दोन बाजूंना वेगळे केले नाहीत तर त्या भागाला शून्य, आणि इंटिग्रेशनचा ‘सी’ (स्थिरांक) विसरला तर पुढचं सगळं सुबक असूनही फार तर निम्मे गुण हाती लागतात. दशांशातली उत्तरं तीन स्थळांपर्यंत अचूक हवीत. कॅल्क्युलेटर वापरला तरी काय इंटिग्रेट केलं ते गणिताच्या भाषेत मांडावंच लागतं, बटणांच्या भाषेत नव्हे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मुलं घाबरतात. तपासणीत दयाही आहे. पहिल्या उपप्रश्नात आकडा चुकला आणि तोच चुकीचा आकडा घेऊन पुढचं बरोबर केलं, तर पुढचे गुण बहुधा मिळतात. खोडलेलं कुणी वाचत नाही, म्हणून नवं सुचल्याशिवाय जुनं खोडू नये. आणि बहुपर्यायी भागात चुकीच्या उत्तराचे गुण कापायची पद्धत २०११ पासून बंद झाली आहे. “माहीत नसेल तर सोडून द्या” हा सल्ला अजून आपल्या घराघरांत फिरतो, तो आता कामाचा नाही. एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

आता तुमच्या मुलाचा अंदाजाने हिशेब मांडू. समजा ४५ पैकी ३६ बरोबर. गुणिले १.२, झाले ४३.२. सहा प्रश्नांत सरासरी चार-चार गुण, म्हणजे २४. बेरीज ६७.२. ही साधारण त्या सीमेच्या आसपासची जागा आहे, ४ की ५ हे थोड्याच गुणांवर ठरेल अशी. याच मुलाने तेवढ्याच ज्ञानावर, फक्त कारणं आणि एककं लिहून, प्रत्येक प्रश्नात दोन-दोन गुण वाढवले असते तर बेरीज ७९ च्या वर गेली असती. त्याचे खरे आकडे मला ठाऊक नाहीत आणि तुम्हालाही ते कधी कळणार नाहीत. पण ४ आणि ५ मधलं अंतर बुद्धीचंच असतं असं धरून चालू नका, एवढ्यासाठी हा हिशेब मांडला.

म्हणून रिचेकिंगच्या जागी मी तुम्हाला वेगळं काही सुचवते. परीक्षेनंतर काही दिवसांतच त्या वर्षीचे सहाही मोठे प्रश्न कॉलेज बोर्ड (एपी घेणारी संस्था) जाहीर करतं, आणि पुढे उन्हाळ्यात त्यांची गुणदान-पत्रकं आणि खऱ्या मुलांनी लिहिलेली नमुना-उत्तरंही, कोणत्या ओळीला गुण दिला आणि कोणत्या ओळीला का नाही, याच्या स्पष्टीकरणासकट. सगळं फुकट आहे. मुलाच्या वाट्याला वेगळा संच आला असला तरी बिघडत नाही. त्याने ते सहा प्रश्न वेळ लावून पुन्हा सोडवावेत आणि पत्रक घेऊन स्वतःच तपासावेत. शिकवणीच्या सरांनी नाही, तुम्ही नाही. त्याने. पहिल्यांदा ‘इथे गुण नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहावं लागतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी वर्गात कितीतरी वेळा पाहिलंय. राग जातो. “अरे, हे तर मला येत होतं” असं म्हणतात. येतच होतं.

पुन्हा बसवायचं का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. निदान अर्जासाठी तरी नाही. तो बारावीत आहे. पुढच्या मेची परीक्षा दिली तर निकाल जुलैत येईल, आणि कॉलेजांचे निर्णय त्याआधीच, मार्च-एप्रिलपर्यंत झालेले असतील. तो ५ आला तरी प्रवेशासाठी कुणी पाहणार नाही. उपयोग झालाच तर कॉलेजात क्रेडिट मिळवण्यापुरता, म्हणजे तो विषय झालेला धरला जाण्यापुरता. तेही ज्या कॉलेजात तो जाईल तिथे ४ ला काय मिळतं हे पाहून ठरवा, कारण प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ पासून पुढे क्रेडिट देतं. एमआयटीला बीसीचा ५ च लागतो. काही ठिकाणी बीसीचा ४ पुरतो, काही ठिकाणी एबी सबस्कोअर ५ वर कॅल्क्युलस वन (कॅल्क्युलसचा पहिला कोर्स) करावा लागत नाही. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिटचा तक्ता असतो. यादीतल्या आठ-दहा कॉलेजांचे तक्ते त्यालाच काढायला सांगा, एका संध्याकाळचं काम आहे. आणि क्रेडिट मिळालं म्हणजे ते वापरलंच पाहिजे असंही नाही. इंजिनिअरिंगला जाणार असेल आणि सिरीज कच्ची असेल तर कॅल्क्युलस टू कॉलेजात बसून पुन्हा करणं हे मी शहाणपणाचं मानते. वर्ष वाचवायच्या नादात मल्टिव्हेरिएबलमध्ये (अनेक चलांच्या, त्यापुढच्या कॅल्क्युलसमध्ये) गटांगळ्या खाणारी, शाळेत ५ मिळवलेली मुलंसुद्धा मी शिकवली आहेत.

बारावीचं वर्ष रिकामं राहील अशी धास्ती असेल तर शाळेत किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस किंवा लिनियर अल्जेब्रा मिळतंय का पाहा. जमलं तर छान. नाहीतर एपी स्टॅटिस्टिक्सही उत्तम, आणि तिथेही वाक्यं लिहावी लागतात!

४ लपवायचा की दाखवायचा, याला मी फार जागा देत नाही. दाखवा. अकरावीत बीसी घेऊन ४ मिळवणं ही लपवायची गोष्ट नाही, आणि शाळेच्या गुणपत्रकावर ‘ए’ दिसत असताना निकालाची जागा कोरी राहिली तर ती उगाच नजरेत भरते. निकाल रद्द करण्याची सोय आहे, पण रद्द केला की तो कायमचा जातो. तसं काही करू नका.

इथे मला एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. पूर्व लॉस एंजेलिसमधल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हाइमे एस्कलांते नावाचे बोलिव्हियाहून आलेले शिक्षक होते. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी एपी कॅल्क्युलस उत्तीर्ण झाले, म्हणजे ३ किंवा अधिक मिळवलं. गरीब वस्तीतली, बहुतेक मेक्सिकन घरांतली मुलं. उत्तरं एकसारखी वाटतात म्हणून त्यांतल्या १४ जणांवर संशय घेतला गेला. १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही उत्तीर्ण झाले. त्या मुलांच्या घरी ३ आणि ४ या आकड्यांनी काय आनंद झाला असेल याचा विचार करा. आकडे तेच आहेत, ताई. तुमच्याकडे त्याच आकड्यावर पोरगं खोलीत जेवतंय.

हे टोचेल असं लिहिलंय, माहीत आहे. तुम्ही दोघं कष्टाने इथवर आलात, आणि गुण हीच आपली शिडी होती. माझीही तीच होती. माझ्या वडिलांनी माझं गुणपत्रक घडी करून खिशात ठेवलं होतं आणि वर्षभर भेटेल त्याला दाखवलं. त्यामुळे आकडा कमी दिसला की आपल्याला शिडीची पायरी मोडल्यासारखं वाटतं. पण तुमच्या मुलाला आत्ता ‘ऐंशी टक्के’ हा शब्द ऐकू येतोय आणि त्याला तो शब्द कळत नाही. त्याच्या जगात तो आकडा नाहीच. त्याला इतकंच कळतंय की बाबा नाराज आहेत. “कुठे कमी पडलो” हा प्रश्न तुम्ही मला विचारलात. त्याला मात्र विचारू नका. त्याला विचारा, “सहाव्या प्रश्नात काय होतं रे?”

धाकटीचं. नववी झालीय, घाई नाही. बीसीमध्ये एबीचा सगळा भाग येतोच, त्यामुळे बीसी म्हणजे काही वेगळं शिखर नव्हे. तोच रस्ता, अंमळ भरभर चालायचा आणि थोडा पुढे जाणारा. निर्णय तिच्या प्रीकॅल्क्युलसवरून (कॅल्क्युलसच्या आधीच्या वर्षाच्या गणितावरून) घ्या, भावाच्या निकालावरून नको. फंक्शन, त्रिकोणमिती, लॉगरिदम यांत ती कागदावर मोकळेपणाने वावरत असेल तर बीसी घेऊ दे. अडखळत असेल तर आधी एबी, मग बीसी असे दोन वर्षांत करणारी मुलं पुष्कळ असतात आणि त्यांचा पाया पक्का होतो. तुम्ही लिहिलंय की तिचे बाबा तिला पायऱ्या गाळून झटपट करायच्या युक्त्या शिकवतात. त्यांचं प्रेम त्यात दिसतं, पण या परीक्षेसाठी मात्र ती सवय उलटी पडते. त्याऐवजी तिने एक गणित सोडवून ते मोठ्याने सांगावं, मराठीत सांगितलं तरी चालेल. आणि ती “ते वाढतं” म्हणाली की घरातल्या कुणीतरी विचारावं, “ते म्हणजे कोण?” आमच्या घरी नातवंडांबरोबर हा खेळच झालाय.

या रविवारी यंदाच्या सहा प्रश्नांची छापील प्रत काढा. दोन काढा. एक मुलाला द्या आणि एक त्याच्या बाबांना. त्यांनीही सोडवावं, ९० मिनिटं लावून, मांडणी आणि कारणं लिहून. मग पत्रक मुलाच्या हातात द्या आणि बाबांचा पेपर त्याला तपासू द्या. जेवणाच्या टेबलावर, ताटं वाढायच्या आधी. एकक राहिलं असेल तिथे त्याने गुण कापावा आणि बाबांनी तो कापू द्यावा. सहावा प्रश्न त्या दिवशी राहिला तर दुसऱ्या दिवशी करा.